चिंधाभाऊंचे केळपानी छत्र आणि अनेर खोऱ्याचे ठिपके

हे वर्तमान कोणी खरे मानणार नाही, ही खातरजमा करूनच लेखणी उचलिली आहे. ज्यांस शंका येईल त्यांनी खुशाल घ्यावी. परंतु जे घडले ते यथास्थित लिहिले आहे, पदरचा मीठमसाला काही नाही, आणि असलाच तर चवीपुरता.

शके अठराशे त्र्याण्णव, वैशाख मास. चोपडे तालुक्यात, तापी व अनेर या नद्यांचे बेचक्यात, राजमान्य राजश्री चिंधाभाऊ यांची जमीन. वरचे अंगास केळीचा बाग हिरवागार आणि खालचे अंगास घळीच घळी. दर पावसाळ्यात घळ पुढे सरसावे आणि वावर माघार घेई. येत्या स्वारीत विहिरीचा पाडाव होणार हे आंधळ्यासही दिसत होते. इतक्यात जळगावचे कचेरीतून फर्मान सुटले की, तमाम खोऱ्यांचा नकाशा करावा, पंचवीस एकर पिकाऊ जमिनीस एक ठिपका द्यावा, आणि जेथे ठिपके विरळ तेथे मृगापूर्वी बुलडोझर धाडून घळी बुजवाव्या. परंतु दोहों जिल्ह्यांत मिळून बुलडोझर एक, आणि अनेरेपलीकडे धुळे जिल्ह्याचे शिरपूरकरही त्यावर डोळा लावून बसलेले.

मग नकाशानवीस रुपचंद जीपमधून दाखल झाले आणि चिंधाभाऊंचे बाजेवर नकाशा पसरून ठिपके देऊ लागले. ऊन असे की शाई टाकातच वाळे. चिंधाभाऊंचे मनी आले की, ज्यांचे हाती आपली विहीर, त्यांचे टाळूस ऊन लागणे ही आपली बेअदबी. मग त्यांनी बागेत शिरून पुरुषभर लांबीचे केळीचे पान कापिले आणि छत्र म्हणोन रुपचंदांवर धरिले, आणि दिवस कलेपर्यंत जागचे हालले नाहीत. कापल्या देठातून चीक ठिबकत होता आणि नेमका घळींचे कोऱ्या जागेवर पडत होता. परंतु ताजा चीक पाण्यासारखा, सबब कोणाचे नजरेस आला नाही.

हा केळीचा चीक गनीम मोठा कावेबाज. आज निर्मळ दिसतो, मग काळा पडतो, आणि मग धोब्याचे सात पिढ्यांस दाद देत नाही. नकाशा जळगावी पोचून कचेरीचे मुख्य साहेबबहादुरांचे भिंतीवर चढला आणि तेथे घळींचे मुलखात एकेक ठिपका आपोआप उगवू लागला. सोमवारी शेती विरळ होती ती शुक्रवारी दाट झाली. साहेबांनी हुकूम फर्माविला की, चिंधाचे घळीत पीक मावेनासे झाले, सबब बुलडोझर शिरपुराकडे कूच करावा.

हे कळताच चिंधाभाऊंच्या धर्मपत्नी मंजुळाबाई भाकरी थापता थापता गरजल्या, "धरा आखो छत्र! घळमा बठ्ठं पीकच पीक शे म्हणतस. विळा लई जा, कापी लया!"

चिंधाभाऊ खाली पाहतात तो आपलेच सदऱ्याचे बाहीवर तसेच काळे ठिपके. मग सारा कट उमगला, आणि एक ताजे पान गोणपाटात गुंडाळून ते यष्टीने जळगावी धडकले आणि अर्ज केला, "साहेब, हाई शाई नई शे, केळीना चीक शे!"

साहेब म्हणाले, "चिंधा, या नकाशावर माझी सही आहे. माझ्या सहीवर चीक चढत नाही."

रुपचंद पंख्याकडे पाहत राहिले.

मग चिंधाभाऊ वाद न घालता बाहेर आले, आणि साहेब जीपकडे निघताच त्यांनी ते पान साहेबांचे मस्तकावर धरिले, देठ साहेबांचे पोटाकडे करून. पांढरा टेरिलिनचा बुशकोट, त्यावर टपटप. साहेब खूश होऊन बोलिले, "शेतकऱ्यांत अदब शिल्लक आहे म्हणायची!"

तो बुशकोट धुवून घडी होऊन पेटीत गेला, आणि पुढचे बैठकीचे दिवशी साहेबांनी घाईत तोच अंगी चढविला. भर दरबारी छडी नकाशावर ठेवून ते अनेर खोऱ्याची दाटी वर्णू लागले, आणि दरबार एकदा नकाशाकडे आणि एकदा साहेबांचे पोटाकडे पाहू लागला. शेवटी रुपचंदांचे तोंडून निसटले, "साहेब, आपल्या पोटावरही पंचवीस एकर निघतील."

साहेबांनी मान खाली घातली, पाहिले, आणि नकाशावरील सही खोडली. मग स्वार दौडले, आणि अनेरेचे पात्रात उतरलेला बुलडोझर तेथूनच माघारा वळला, आणि मृगापूर्वी घळ बुजली, बांध पडला, विहीर राखली. येणेप्रमाणे चिंधाभाऊंची फत्ते जाहली, ती दप्तरी नमूद. आणि त्या बुशकोटावर पुढे चीक वाढत वाढत सातपुड्यापासून संपूर्ण खोरे उमटले, डोंगर हिरवे आणि मधोमध तापी निळीशार…

इतके वृत्त आम्ही पारावर वाचीत असता मंजुळाबाई त्याच विहिरीचा भरला हंडा कमरेवर घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"ओ आबा, थांबा! चीक काळा पडस. निळी तापी कोठेन लयनात?"