बिस्किट कंपनीची फळझाडं

कंपनीचा प्रामाणिकपणा तिच्या नफ्यात दिसत नाही, तो तिमाही अहवालातल्या टीप क्रमांक दोनमध्ये दिसतो. हिशेब कोणत्या धोरणाने मांडले, यंदा कोणती नवी लेखा-मानकं अंगीकारली, हे कंपनी त्या टिपेत साऱ्या जगासमोर जवळजवळ शपथेवर सांगते. मलेशियाच्या जोहोर राज्यातल्या सेगामातच्या ‘तीन कंदील बिस्किटं’ या कंपनीत ही शपथ गेली अकरा वर्षं हसलिंदा घेत होती. मागच्या तिमाहीची टीप उचलायची, तारीख बदलायची आणि जेवायला जायचं, अशी ती घ्यायची पद्धत होती.

यंदा तसं जमणार नव्हतं. जानेवारीपासून नवी मानकं लागू झाली होती, जुनी यादी बाद. त्यात वित्तप्रमुख निवृत्त झाल्यामुळे हसलिंदा त्यांच्या खुर्चीत हंगामी म्हणून बसत होती. हा पहिला अहवाल बिनबोभाट गेला तर खुर्ची कायम, नाहीतर परत मागचं टेबल, असं ‘दातो’ हा किताब मिरवणारे मालक खोर यांनी चहा ढवळता ढवळता सांगून टाकलं होतं. तेव्हा तिने या धंद्यातली सगळी सभ्य माणसं करतात तेच केलं. जिचा अहवाल आधीच बाहेर पडला होता अशी दुसरी कंपनी शोधली. तिचे आणि यांचे ऑडिटर एकच, म्हणजे भाषा आधीच पास झालेली. यादी तर इतकी देखणी की काटछाट करायला जीव होईना. हसलिंदाने ती अख्खी उचलली आणि तिथल्या नावाच्या जागी सातही ठिकाणी ‘तीन कंदील’ घातलं. दोनदा तपासलं. एकही जागा सुटली नव्हती.

ती दुसरी कंपनी पाम तेलाच्या बागांची होती.

संचालक मंडळाने बत्तीस पानी अहवाल नऊ मिनिटांत मंजूर केला. त्यातली चार मिनिटं चहासोबतचे करी पफ गार का, या प्रश्नावर गेली. कंपनी सेक्रेटरी मिस क्वेक यांनी पाचाच्या आत अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मिस क्वेक चपला फटफटवत हसलिंदाच्या टेबलाशी आल्या. एरवी ही साठीची बाई जिना चढतानासुद्धा घाई करत नसे.

“लिंदा, आपला शेअर कितीवर आहे?”

“एकसष्ट सेन. तीन वर्षं एकसष्टच आहे. का?”

“शहाऐंशी झालाय.”

“अगंबाई! कोण गेलं?”

“कोणी गेल्यावर चढतो होय गं शेअर? बाजाराचं पत्र आलंय. एवढी उसळी कशामुळे, उद्यापर्यंत खुलासा करा म्हणतात. आणि हे वाच.”

ताइपिंगच्या एका निवृत्त मास्तरांनी टीप क्रमांक दोन वाचली होती. कोणी ती वाचावी, हीच मुळात बातमी होती. त्यांनी गुंतवणूकदारांच्या इंटरनेटवरच्या चावडीवर त्यातला उतारा दिला होता: ‘कंपनीच्या मालकीची फळ देणारी झाडं यापुढे यंत्रसामग्रीप्रमाणे मालमत्तेत धरली जातील, आणि झाडावरची फळं वेगळी मोजली जातील.’ खाली स्वतःची भर: ‘बिस्किटवाल्यांनी गुपचूप बागा घेतल्या! आता तेल घरचं, बिस्किट घरचं! झोपू नका!’ त्याखाली चारशे जण जागे झालेले दिसत होते.

हसलिंदाने आपलीच टीप आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

“मिस क्वेक, आपल्याकडे झाडं आहेत?”

“रिसेप्शनला मनी प्लांट आहे. फळ धरल्याचं काही पाहिलं नाही मी.”

तेवढ्यात दातो खोर स्वतःच आत आले. वय चौऱ्याहत्तर, पण आज काठी गाडीतच विसरलेली.

“लिंदा! वस्ताद आहेस! बागा घेतल्यास आणि मला पत्ता लागू दिला नाहीस!”

“दातो, जरा बसता का?”

“बसतो कशाला? सकाळपासून सतरा फोन! तो लाव नावाचा शेठ, जन्मात ज्याने माझं बिस्किट चाखलं नाही, तो म्हणतो, खोर, लबाडा, लपवून ठेवलंस! मी म्हटलं, बघत राहा.”

“म्हणजे तुम्ही हो म्हणालात?”

“बघत राहा म्हणालो. त्यात हो कुठे आलं?”

हसलिंदाने एका दमात सगळं सांगून टाकलं. दातो बसले.

“दुसऱ्याची टीप उतरवलीस?”

“हो, दातो.”

“आणि आम्ही मंजूर केली?”

“एकमताने.”

दातोंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग ताडकन उठले. “भट्टीच्या शेडमागे ती डुरियनची तीन झाडं कोणाची मग? फळ देतात ना? टीप खरी आहे! झाडं किती ते कुठे लिहिलंय?”

खरंच लिहिलेलं नव्हतं. हसलिंदाच्या जिवात जीव आला. लगेच जोहोर बाहरूला फोन गेला आणि दोन वाजता ऑडिटर सिवानेसन हजर झाले. नासी लेमाकच्या भातावर अर्धं अंडं आलं तर मनात ‘अर्धं’ अशी नोंद करणारा हा गृहस्थ. वरात शेडमागे गेली. मे संपत आलेला, झाडं काटेरी फळांनी लगडलेली.

“एकाहून जास्त वर्षं फळतात?” सिवानेसननी वही उघडली.

“बावीस वर्षं फळतायत!” दातो म्हणाले.

“फळ विकता का? नुसतं खाल्लं तर मानकात बसत नाही. विक्री लागते.”

इथलं डुरियन कामगार खातात, एवढंच कंपनीला ठाऊक होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. पहारेकरी जलील, सगळ्यांचे ‘पाक चिक’ म्हणजे काका, टोपी मुठीत चुरगाळत उभे होते.

“मी विकतो, साहेब. गेटबाहेर, स्कूटरवर ठेवून. सहा वर्षं झाली. चूक झाली, पण कामावरून काढू नका.”

“काढू?” दातोंनी त्यांचे दोन्ही हात धरले. “पाक चिक, अहो, तुम्ही या कंपनीचा कृषी विभाग आहात! भाव काय लावता?”

“किलोला पंधरा रिंगित.”

“स्वस्त देता!”

“लिहून ठेवता का कुठे?” सिवानेसननी विचारलं.

“ठेवतो ना. पहाऱ्याच्या खोलीत भिंतीवर, कोळशाने.”

सिवानेसननी जाऊन भिंतीचा फोटो काढला. इतका नीटनेटका कागद या कंपनीत त्यांना कधी मिळाला नव्हता.

आता झाडावरची फळं वेगळी मोजायची होती. कारखान्याचं पिवळं हेल्मेट चढवून सिवानेसन झाडाखाली शिरले. “एकशे एकोणीस,” ते वर पाहत म्हणाले. धप्पकन आवाज झाला. “एकशे अठरा.”

इकडे उत्साहाला उधाण आलेलं. दातोंनी डुरियन क्रीमचं बिस्किट जाहीर करून टाकलं. मिस क्वेक शेडच्या ओट्यावर बसून खुलासा लिहीत होत्या: ‘कंपनीची फळबाग असून तिचा विस्तार माफक आहे.’

“माफक म्हणजे?” हसलिंदाने विचारलं.

“तीन झाडं.”

“माफकच राहू दे.”

“आता फक्त जमिनीचा कागद दाखवा,” सिवानेसन हेल्मेट काढत म्हणाले.

“तो कशाला?” दातो वैतागले. “बावीस वर्षं आम्ही पाणी घालतोय!”

“पाणी घालून मालकी मिळत असती दातो, तर अख्खं जोहोर पावसाच्या नावावर झालं असतं.”

मिस क्वेकनी कपाटातून नकाशा काढून आणला. तो ओट्यावर पसरला. आधी सरळ धरला, मग उलटा धरून पाहिला, पण कंपनीची हद्द दोन्ही बाजूंनी नाल्याच्या अलीकडेच संपत होती. कुंपण कधीकाळी चार मीटर पुढे सरकलं होतं. झाडं नाल्यासाठी राखलेल्या सरकारी पट्टीत उभी होती.

आणखी एक फळ पडलं. ते कोणीच मोजलं नाही.

“म्हणजे मी सरकारचा कृषी विभाग?” पाक चिकनी हळूच विचारलं.

“तुम्ही गेटवर जा,” दातो म्हणाले.

पाचला दहा कमी असताना खुलासा गेला: ‘टीप क्रमांक दोनमधला झाडांचा परिच्छेद अनवधानाने आला आहे. कंपनीकडे एकही झाड नाही.’ दुसऱ्या दिवशी शेअर एकसष्टवर येऊन बसला. ताइपिंगच्या मास्तरांनी चावडीवर लिहिलं: ‘एका दिवसात बागा विकल्यासुद्धा! पैसे कोणाच्या खिशात?’

सोमवारी मंडळाची बैठक होती. हसलिंदाने खुर्चीवरची उशी, कप आणि मुलांचे फोटो आधीच पिशवीत भरून ठेवले आणि ती बैठकीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

“विषय पाचवा,” दातोंनी वाचलं. “वित्तप्रमुख म्हणून हसलिंदा बिंती मुस्तफा यांची कायम नेमणूक. कोणाची हरकत? नाही. मंजूर. विषय सहावा.”

हसलिंदाचे डोळे भरून आले. बैठक संपल्यावर तिने मिस क्वेकना जिन्यातच गाठलं.

“दातोंना आवडलं असणार, नाही का? मी काही लपवलं नाही, लगेच कबूल केलं, ते?”

मिस क्वेकनी काखेतली फाइल उघडून एक पान चाळलं. ‘अर्ज’ असं लिहिलेल्या त्या भागात दुसरं पानच नव्हतं.

“या जागेची जाहिरात फेब्रुवारीपासून पेपरात होती,” त्या म्हणाल्या. “अर्ज एकच आला.”