सीट यदुल्लाची, कॅरिअर रजबचं

सायकलनं समुद्रापर्यंत जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तेही चहा पिता पिता. दुसरा पेला ओतून घेतला नसता, तर पुढचं काही झालंच नसतं.

माझी बायको माहरुख मागच्या थंडीत गेली. जन्मात कुठलं काम अर्धं न टाकणारी बाई, हे एकच अर्धं टाकून गेली. मागावर दुहेरी पडशी होती, सायकलच्या कॅरिअरवर दोन्ही अंगांनी लोंबेल अशी. एका अंगाला डाळिंबं, दुसऱ्याला समुद्र. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही. इराणच्या वाळवंटातल्या यज्दच्या माणसाला पाणी दिसतं ते हौदात.

"अहो, समुद्राचा निळा कसला असतो?" ती विचारायची.

"आपल्या मशिदीच्या घुमटासारखा. अगदी तस्साच," मी छातीठोक सांगायचो. (शाळा चौथीत सोडली, पण थाप मारायला चौथी पुष्कळ होते.)

तिनं विश्वास ठेवला आणि तशी लोकर रंगवली. अर्धा समुद्र झाला आणि ती गेली. उरलेला मी गोणपाटानं शिवला. टाके असे, की बकरीनं तोंड फिरवावं.

आता ती पडशी पाण्याशेजारी धरून पाहायची होती. रंग जुळतो, की मी तिला थापच देऊन पाठवलं?

सायकल घरीच जोडायची. फ्रेम माझी जुनी, पोलादी. लग्नानंतर माहरुख हिच्याच मागं बसून डाळिंबाच्या बागांत यायची. बाकीचे सुटे भाग निवडायचे, आणि निवडीत मी, म्हणजे मशहदची यात्रा केलेला गल्लीचा मश्दी, उस्ताद. फक्त दुकानात जात नाही.

आमच्याकडे रीत आहे. कुणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की म्हणायचं, "तुमचीच आहे, घेऊन जा." समोरच्यानं म्हणायचं, "छे छे, तुमच्याकडेच शोभते." असं तीनदा झालं की वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांची अब्रूही. मी एवढंच केलं, की पहिल्याच खेपेला "बरं" म्हटलं.

पहिला सापडला यदुल्ला न्हावी. त्याच्या सायकलची सीट कातडी, खाली जाड स्प्रिंगा, बसून बसून लोण्यासारखी झालेली. लांबच्या वाटेला नवी सीट म्हणजे वैरीण.

"यदुल्ला, सीट आहे की सिंहासन रे!"

"तुमचीच आहे मश्दी, घेऊन जा."

"बरं. पाना आहे?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणातून फिस्सकन हसलं. यदुल्ला हसला नाही. हातात वस्तरा, नजर माझ्या गळ्यावर.

मग रजब भटारी. त्याच्या सायकलचं कॅरिअर पिठाची पोती वाहणारं.

"रजब, यावर गाढवसुद्धा बसेल!"

"तुमचंच आहे, मश्दी. गाढव तर आलंच आहे."

"बरं," मी म्हटलं आणि सोडवून घेतलं. (अपमान कॅरिअरसोबत फुकट मिळाला.)

फिरूझी गुरुजींनी अख्खी दुपार मला शिकवलं, की चढाला मागची चकती मोठी हवी, घाई करायची नाही, दम राखायचा. मी त्यांच्या मागच्या चाकाची तारीफ केली आणि गियरसकट काढून आणलं. गुरुजी दारापर्यंत मागं आले. "अहो मश्दी, माझं अजून दोनदा म्हणायचं राहिलंय!"

मेव्हणी गुलअंदाम रोज जेवण आणते. तिनं सायकल बघितली आणि ताट आपटलं.

"भावजी, ही सायकल आहे की गल्लीची माधुकरी? उन्हाळा तोंडावर, वाटेत वाळवंट. ही ढोपरं घेऊन निघालात कुठं?"

"तुझ्या बहिणीचा रंग बघायला."

"फोटोत दिसत नाही रंग?"

"फोटोला पडशी कशी लावू?"

ती ताटाची स्वच्छ कड पदरानं पुसत बसली.

निघायच्या सकाळी गल्ली लोटली. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून वर धरलेल्या कुराणाखालून मी वाकून गेलो, पडशी खांद्यावर टाकली. गुलअंदामनं माझ्यामागं वाडगंभर पाणी ओतलं. पाय पॅडलवर ठेवला, तोच यदुल्ला आडवा आला.

"मश्दी, सीट आहे की सिंहासन हो!"

जिभेला जन्माची सवय. "तुझीच आहे, घेऊन जा," ती म्हणून मोकळी झाली, मला न विचारता.

"बरं," यदुल्ला म्हणाला आणि खिशातून पाना काढला. (निरोप द्यायला पाना घेऊन कोण येतं?)

मग रजबला कॅरिअर फार आवडलं. मग गुरुजी चाकाशी वाकले. वाटलं, शिकलेला माणूस आहे, निदान हा तरी रीत पाळेल. "बरं," गुरुजी म्हणाले. गुलअंदाम आभाळात काहीतरी शोधत होती. तेव्हा कळलं, ही शाळा कुणी भरवली.

सायकल भिंतीला टेकली, लंगड्या बकरीसारखी. माझ्या खांद्यावर उरली पडशी.

यदुल्लाची नजर तिच्यावर गेली. मी जीभ दातांखाली धरली. त्यानं नुसतं 'वा' म्हटलं असतं तर तीही गेली असती. तो जवळ आला. निळ्या अर्ध्या भागावरून बोट फिरवलं, गोणपाटाशी थांबलं.

"ही पडशी मात्र," त्यानं घसा खाकरला, "अगदीच टाकाऊ आहे. फुकट दिली तरी कुणी घेणार नाही."

"भिकार," रजब म्हणाला.

गुरुजींनी चष्मा काढला. "रंग तर... बघवत नाही."

माहरुखच्या हातच्या कामाला एवढी नावं ठेवलेली मी कधी ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले.

"थंडी पडू द्या, मश्दी," यदुल्ला म्हणाला. "सीट जाईल समुद्राला, कॅरिअर जाईल, चाक जाईल. पण आपापल्या मालकांना घेऊन. तुम्ही मधे. तोवर मरायचं नाही. कबूल?"

"बरं," मी पहिल्याच खेपेला म्हटलं.

प्रवासी लवकर परतावा म्हणून आम्ही त्याच्यामागं पाणी ओततो. गुलअंदामचा हात जरा सढळ पडला असावा. कारण मी निघायच्या आधीच परतलो, आणि उंबऱ्याशी त्याच पाण्यावरून घसरून असा आपटलो, की सीट हाताशी असती तरी थंडीपर्यंत मला तिच्यावर बसता आलं नसतं.