काट्याची कड

"रॅन्सफर्ड! या पॅट्यांच्या कडांना काटा कुणी लावला?"

आयसिल्डाने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात इस्त्रीचा पांढरा झगा होता आणि डोक्यावर चर्चची नवी टोपी, जिला पिना लावायच्या अजून राहिल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन ट्रे भरून पॅट्या वाफाळत होत्या. हळदीने पिवळ्याधमक, करंजीसारख्या दुमडलेल्या, पण पोटात खिमा भरून करंजीला लाजवतील अशा टंच. आणि एकूण एक पॅटीच्या कडेवर काट्याच्या दातांच्या रेषा.

"मी लावला," रॅन्सफर्ड म्हणाला. राजवाड्याचा दरवाजा बसवून आल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता. "निम्म्या तशाच सोडून गेली होतीस. नुसत्या बोटाने दाबलेल्या. ओव्हन तापून बसला होता. म्हटलं, बाईची घाई आहे, आपणच उरकून टाकू."

"मुद्दाम सोडल्या होत्या त्या!"

"मुद्दाम? कड कोण मुद्दाम अर्धवट सोडतं?"

जन्मभर सुतारकी केलेल्या माणसासमोर अर्धवट कड सोडून जाऊ नये, हे आयसिल्डाला कळायला हवं होतं. शेजाऱ्याचं फाटक वाकडं दिसलं तरी रॅन्सफर्डला जेवण जात नसे. पण तिची खूण साधी होती. काटा लावलेल्या पॅट्या तिखट, बोटाने दाबलेल्या बिनतिखट. तिखट होत्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात मांडायच्या. स्टोनी गॅप गावच्या माणसांना बिनतिखट पॅटी दिली असती, तर त्यांनी ती आजाऱ्याची समजून परत केली असती. आणि बिनतिखट होत्या पास्टर झेफनाया बेकफर्ड यांच्यासाठी.

पास्टर बेकफर्ड म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांना गाजलेला गळा. ते प्रवचन सांगत नसत, गात असत. सुरुवात हळू, खर्जात, बोलल्यासारखी. मग एखादा शब्द लांबायचा, दुसरा त्याला जाऊन मिळायचा, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं व्हायचं. माणसं बाकांवरून कधी उठली हे त्यांचं त्यांना कळायचं नाही. ज्याला देवाचं वचन गाऊन ऐकायची चटक लागली, त्याला नुसतं सांगितलेलं अळणी लागतं. आयसिल्डाला ही चटक लहानपणापासूनची. पास्टर जवळपासच्या गावी आले की ती ट्रकच्या मागे बसून जायची. आज सुगीच्या रविवारी ते पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये येणार होते, आणि त्याआधी तिच्या घरी दोन घास खाणार होते.

फक्त एक निरोप पुढे आला होता. पास्टरना मिरची वर्ज्य. घसा बसतो.

हा निरोप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मागे बांबू रिज गावात कुणी तरी त्यांना मिरची घातलेलं माशाचं सूप पाजलं, आणि त्या दिवशी पास्टरनी सबंध प्रवचन सपाट आवाजात, जमिनीचे कागद वाचावेत तसं म्हटलं. आजही बांबू रिजचा माणूस बाजारात दिसला की लोक विचारतात, "काय रे, सूप आहे का शिल्लक?"

"आता कुठल्या तिखट आणि कुठल्या फिक्या?" आयसिल्डाने झगा खुर्चीवर टाकला. "एका रांगेत तरी ठेवल्या होत्यास का?"

"ठेवल्या ना. लहान-मोठ्या बघून लावल्या. बघ कशा ओळीत दिसतात."

"अरे देवा!"

"आणि रेषा बघ. तुझ्या असतात तिरक्या, घाईतल्या. माझ्या मात्र—"

"तुझ्या-माझ्या राहू दे आता! बांबू रिजच्या जोडीला आपलं नाव लागायची वेळ आली, आणि हा रेषा बघतोय!"

संसारात कधी गप्प बसावं एवढं सुतारालाही कळतं.

आयसिल्डाने आधी वास घेऊन पाहिला. थाइमच्या पानांचा तोच, कांद्याच्या पातीचा तोच, चरबीत खुसखुशीत झालेल्या पारीचा तोच. मग तिने पॅट्या उजेडात धरल्या, हातात तोलल्या, एक तर कानाला लावली.

"फोडून बघ की," रॅन्सफर्ड म्हणाला.

"फोडलेली पॅटी पास्टरच्या पुढे ठेवू?"

"मग पाव आणि चीज दे."

"पाव आणि चीज!" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने एक पाऊल मागे घेतलं. "इतकी वर्षं सगळे पास्टर मॅव्हलिनकडे जेवले. तिची ती उकडलेली कोंबडी, उकडलेली केळी, उकडलेलं सगळं. मी सभेत उभी राहून म्हटलं, एकदा माझ्या हातचं वाढू द्या. आणि आता पाव? माझ्या आईच्या पॅट्या खायला माणसं घाट उतरून यायची, रॅन्सफर्ड!"

मग तिला युक्ती सुचली. तिने विणकामाची सुई धुतली, पॅटीच्या वरच्या चिरेतून हलकेच आत घातली, बाहेर काढली आणि चाटली. पॅटी शाबूत, चव हाती. पहिलीच सुई अशी निघाली, की आयसिल्डाचे डोळे कपाळात गेले. आपण कष्टाने वाढवलेल्या बॉनेट मिरच्या, त्याही पिकून लाल झालेल्या, आपणच ठेचून घातल्यात याचा तिला क्षणभर अभिमान वाटला. पुढच्या क्षणी तिने घट्ट दुधाच्या डब्यात चमचा खुपसला. त्यानंतर सहा पॅट्यांची सुई चाटली, पण जीभ संपावर गेली होती. सगळ्याच पॅट्यांना आगीची चव.

"आण इकडे," रॅन्सफर्ड म्हणाला. त्याने ओळीने एकेका पॅटीत सुई घालून चाटली. "ही फिकी. ही फिकी. हीसुद्धा फिकी."

"ती मी आत्ता चाटलेली! तिनेच माझी जीभ गेली!"

"मला तर लहान मुलाच्या पेजेसारखी लागली."

जो माणूस रोज सकाळी न्याहारीबरोबर अख्खी मिरची दाताखाली चावतो, त्याच्या जिभेची साक्ष कुठल्या कोर्टात चालणार? या घरात एक जीभ जळालेली होती आणि दुसरी जळतच नव्हती.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. "आहे का कुणी घरात?"

साक्षात मॅव्हलिन. हातात जाळीदार टेबलक्लॉथ. "म्हटलं, पास्टरच्या टेबलावर घालायला घेऊन जावं. तुझ्याकडे डाग नसलेला असेलच असं नाही."

एरवी आयसिल्डाने या वाक्याची सव्याज परतफेड केली असती. पण मॅव्हलिनला पाहताच तिच्या डोक्यात उजेड पडला. मिरचीचा नुसता कण पोटात गेला तरी मॅव्हलिनला उचकी लागते, हे सबंध स्टोनी गॅपला ठाऊक होतं.

"ये ये, बस ना गं!" आयसिल्डाने खुर्ची पुसून दिली. "एक पॅटी चाखून बघ. तुझ्यासारखी पारख दुसरी कुणाची?"

मॅव्हलिनला कौतुकाची सवय इतकी कमी होती, की ती बसलीच. "तिखट नाही ना?"

"छे गं!" असं म्हणून आयसिल्डाने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

मॅव्हलिनने पहिली पॅटी खाल्ली. उचकी नाही. आयसिल्डाला हर्ष झाला, मग लक्षात आलं की फिकी म्हणून पक्की ठरलेली एकुलती एक पॅटी मॅव्हलिनच्या पोटात गेली. ओळखलेली पोटात, न ओळखलेली ताटात, असा हा हिशेब होता. "शेजारची घे," ती म्हणाली. शेजारचीही फिकी, तीही संपली. "बरी आहे हं," मॅव्हलिन म्हणाली आणि न सांगताच तिसरी उचलली.

"हिक्!"

ती उचकी साधी नव्हती. टेबलावरच्या बशा हलल्या.

"आयसिल्डा, तू... हिक्... तू मला विष... हिक्!"

आणि त्याच क्षणी घाटाच्या वळणावर मोटारीचा हॉर्न वाजला.

आयसिल्डाची टोपी एका बाजूला, झगा खुर्चीवर, जीभ सुजलेली, समोर उचक्या देणारी मॅव्हलिन. तिने झगा उचलला आणि खोलीकडे धावत ओरडली, "रॅन्सफर्ड, देवाचं नाव घे आणि चार ताटात ठेव! आता त्याच्याच मर्जीवर!"

ती तयार होऊन व्हरांड्यात आली तेव्हा पास्टर बेकफर्ड खात होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, मांडीवर रुमाल पसरलेले. त्यांनी पहिली पॅटी संपवली. दुसरी संपवली. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी घसा खाकरला. आयसिल्डाने खांब धरला.

"देव तुमचं भलं करो, सिस्टर," एवढंच म्हणून ते उठले.

रॅन्सफर्डला काही विचारायची सोय नव्हती. तो चर्चचा डीकन, पास्टरच्या हाताखालचा सेवेकरी. पास्टरचं पुस्तक काखेत घेऊन तो पुढे चालता झाला होता, आणि तिच्याशी नजर मिळवत नव्हता.

चर्चमध्ये सुगीचा थाट होता. वेदीपाशी रताळ्यांचे ढीग, खांबांना बांधलेले ऊस, खिडक्यांतून लटकलेले केळीचे घड. आयसिल्डा मॅव्हलिनच्या शेजारी बसली, कारण दुसरी जागाच उरली नव्हती. पास्टर उभे राहिले. त्यांनी रूथची गोष्ट घेतली. परक्या गावात, परक्याच्या शेतात, कापणाऱ्यांच्या मागून सांडलेली कणसं वेचणारी विधवा रूथ.

आवाज खर्जात होता. सपाट. ते थांबले, खोकले, पुन्हा सपाट. आयसिल्डाने डोळे मिटले. "प्रभू," ती पुटपुटली, "माझी पॅटी वाईट म्हण, माझं नाव बुडव, पण गळा उघड त्यांचा. इतकी माणसं ऐकायला बसलीत."

"हिक्," मॅव्हलिन म्हणाली.

पास्टरनी रुमालाने डोळे पुसले. पाणी येत होतं त्यांच्या डोळ्यांतून! मिरची, आयसिल्डाने ओळखलं. मिरचीच ती. आणि मग ते सांगू लागले, की शेताच्या मालकाने आपल्या माणसांना गुपचूप बजावलं, तिला कळू देऊ नका, पण मुठीमुठीने कणसं मुद्दाम खाली पाडा. "मुद्दाम," पास्टर म्हणाले, आणि तो शब्द लांबला. "मुद्दाऽऽम पाडा!" छपरापर्यंत गेला तो. "वेच, रूथ, वेच! तुला वाटतं नशिबाने मिळालं, अगं, कुणी तरी तुझ्यासाठी टाकलंय, वेऽऽच!"

बाक सरकले. माणसं उभी राहिली. टाळ्यांचा ठेका धरला गेला, आणि मॅव्हलिनची उचकी नेमकी समेवर पडू लागली. "वेच, रूथ, वेच!" "हिक्!" मागच्या बाकावरचे म्हातारे त्या उचकीला "आमेन!" म्हणून दाद देऊ लागले. पास्टर गात होते आणि रडत होते, सबंध चर्च गात होतं आणि रडत होतं. इतकं उंच, इतकं मोकळं गाणं आयसिल्डाने त्यांच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. ती हात वर करून गायली. भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही. तिच्या जागी हळूहळू दुसरं काही तरी येऊन बसलं, आणि टोपी नीट करून ताठ झालं.

प्रार्थना संपून लोक अंगणात आले, तोवर त्या दुसऱ्या गोष्टीला वाचा फुटली होती.

"मिरचीने घसा बसतो म्हणे!" आयसिल्डा पॅट्यांच्या टेबलामागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने मॅव्हलिनला म्हणत होती. "बसला का? माझ्या हातच्या तिखटाने गळा उघडला त्यांचा. डोळ्यांतलं पाणी पाहिलंस ना? बांबू रिजला म्हणावं, सूप कसलं पाजता, पॅटी शिका!"

"हिक्," मॅव्हलिनने सांगितलं. तिला बरंच काही सांगायचं असावं.

गर्दी बाजूला झाली आणि पास्टर स्वतः टेबलाशी आले. त्यांनी आयसिल्डाचा हात दोन्ही हातांत घेतला. सगळं अंगण ऐकत होतं.

"सिस्टर, पारी अशी, की ओठाला लागताच विरघळली. आणि कडा! इतक्या सरळ रेषा मी छापखान्यातही पाहिल्या नाहीत. पण एक विचारू?" त्यांनी आवाज खाली आणला, पण तो गळाच असा होता, की खालचा आवाजही फाटकापर्यंत पोहोचला. "तुमच्या गावात यंदा मिरची पिकली नाही का?"

अंगणात कुणी तरी फिसकन हसलं. आयसिल्डाचा हात पास्टरच्या हातातच राहिला. "तुम्हाला... मिरची वर्ज्य ना? निरोप आला होता."

"निरोप माझ्या बायकोचा," पास्टर म्हणाले. "जिथे जाईन तिथे पुढे पाठवते. त्या दिवशी बांबू रिजला मला सर्दी झाली होती, आणि नाव सुपाचं झालं."

"मग डोळ्यांत पाणी?"

"रूथच्या गोष्टीला मला नेहमीच येतं, सिस्टर."

आयसिल्डाने सावकाश मान वळवली. रॅन्सफर्ड केळीच्या घडामागे उभा होता.

"तू कशा ओळखल्यास?"

"ओळखायचं काय त्यात?" तो म्हणाला. "तुझ्या रेषा तिरक्या, माझ्या सरळ. फिक्यांना मी काटा लावला, तिखटांना तू. सांगत होतो, तू ऐकशील तर ना! आणि खरं सांगू, मी काही तिखट-फिकं बघून नाही वाढल्या. पास्टरच्या ताटात जरा चांगल्या कडेच्या जाव्यात एवढंच म्हटलं."

आता हसायला गावाला कुणाची परवानगी नको होती. मॅव्हलिन तर इतकी हसली की तिची उचकी थांबली. आयसिल्डा मात्र हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. गर्विष्ठ, हट्टी सुतार. त्याच्या गर्वाने आज तिला वाचवलं होतं आणि तिच्या गर्वाने तिला बुडवलं होतं, आणि देवाला दोन्ही चाललं होतं. तिने टेबलावरून तिरक्या रेषांच्या चार पॅट्या वेचल्या, कागदात गुंडाळल्या आणि पास्टरच्या हातात दिल्या.

"वाटेत खा," ती म्हणाली. "मिसेस बेकफर्डना सांगू नका."

पास्टरची जुनी मोटार संध्याकाळच्या उन्हात घाट उतरू लागली. अख्खं स्टोनी गॅप फाटकापाशी उभं राहून बघत होतं. पहिल्या वळणापर्यंत काही नाही. दुसऱ्या वळणावर मोटार जरा मंदावली, आणि दरीतून एक आवाज वर चढत आला. लांब, उंच, वरच्या सुरापर्यंत गेलेला. प्रार्थनेतही त्यांनी एवढा वरचा सूर लावला नव्हता. मागोमाग, दोनदा, आनंदाने वाजवलेला हॉर्न.

आयसिल्डाने टोपीची पिन घट्ट केली आणि रॅन्सफर्डकडे वळून म्हणाली, "ही मात्र कडेसकट माझी."