खिडकीतल्या बाईंची नोकरी

“तिथं आपल्याला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही. म्हणजे बेल वाजणार नाही, गप्पा मारायला कुणी टपकणार नाही. नुसतं काम!” असं नवऱ्याला छातीठोकपणे सांगून तपशीलबाईंनी परदेशातल्या एका शेतकरी गावात बिऱ्हाड हलवलं. तपशीलबाई हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासताना दशांशचिन्हापुढची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. नवऱ्याला गावाबाहेरच्या डेअरीत नोकरी मिळाली होती. बाईंचं ऑफिस लॅपटॉपमध्ये मावत होतं.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली. उजेडासाठी त्यांनी टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी लावलं. अख्खं गाव उजाडायच्या आत शेतात नाहीतर गोठ्यात. आणि ही बाई इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर खिडकीत बसते, एकटीच बोलते, मधूनच मान डोलावते! गावानं निदान करून टाकलं: बाई रिकामी आहे, आणि जरा भ्रमिष्टही झाली आहे.

आधी कुरियरवाला आला. “समोरच्या घराला कुलूप आहे. तुम्ही आहात ना!” आठवडाभरात साऱ्या गल्लीची पार्सलं बाईंच्या पॅसेजमध्ये. मग शेजारणीनं किल्ली दिली. “प्लंबर येईल, जरा उभ्या राहा त्याच्यासोबत.” मग पलीकडच्या गोठेवाल्यानं आई मेलेलं वासरू परसात आणून बांधलं.

“दुपारी बाटली तोंडाशी धरायची, बास!”

“अहो, मी काम करते!”

“करा की! वासराची आडकाठी नाही.”

आडकाठी नव्हतीच. फक्त ते भर मीटिंगमध्ये हंबरायचं. शेवटी ऑफिसातले साहेब पडद्यावरून कडाडले, “संचालकांसमोर तुमचं सादरीकरण आहे. तेव्हा असला आवाज आला, तर पुढच्या महिन्यापासून शहरात यायचं. रोज, ऑफिसात!”

नवऱ्याची डेअरी इथं, ऑफिस तिथं. म्हणजे दोन गावांत दोन चुली! बाईंना झोप लागेना.

सादरीकरणाच्या दिवशी त्यांनी बेलची वायर काढली, दारांना कड्या घातल्या. तर कुरियरवाल्यानं खिडकी वाजवली. खोक्याला भोकं होती, आणि खोकं चिवचिवत होतं.

“कोंबडीवाल्या बाईंची पिल्लं. बाहेर गारठून मरतील हो!”

हीटर एकच, आणि तो बाईंच्या पायाशी. काय करणार! खिडकीतून खोकं आत घेतलं. कॅमेरा सुरू झाला.

“लाइनमध्ये कसली खरखर आहे?” साहेबांनी विचारलं.

“तपासते,” म्हणत बाईंनी पायानं खोकं सरकवलं. झाकण उघडलं. मिनिटभरात एक पिल्लू मांडीवर, तिथून कीबोर्डवर! पडद्यावरचा आलेख सुटला तो थेट शेवटच्या पानावर जाऊन थांबला.

“हे काय आहे?” साहेब ओरडले.

“पिल्लू,” बाई म्हणाल्या. जन्माची नेमकं बोलायची सवय!

तेवढ्यात वासरानं सूर लावला, आणि उघड्या राहिलेल्या खिडकीतून गोठेवाल्याचं डोकं आत आलं. “बाई, ते उपाशी आहे हो!” मग त्याला पडद्यावरचे चेहरे दिसले. “हे कोण?”

“माझे साहेब,” बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. “साहेब, बाई फार गुणाच्या आहेत. यांना काहीतरी काम द्या हो! दिवसभर घरात बसून एकट्याच बडबडतात, बघवत नाही आम्हाला!”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

पडद्यावरून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. सर्वांत ज्येष्ठ संचालक हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते. “आकडे बरोबर आहेत ना? मग राहू द्या त्यांना तिथेच. पुढे चला.” साहेब पुढच्या मुद्द्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं नाही. किल्ली नाही. वासरूही गोठेवाल्यानं परत नेलं. कुरियरवाला खिडकीसमोरून चवड्यांवर चालत गेला. ‘बाईंना नोकरी लागली, मी शब्द टाकला,’ असं गोठेवाल्यानं गावभर केलं होतं!

“सुटले बाई एकदाची!” तपशीलबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपल्या.

सकाळी दार वाजलं. गोठेवाला उभा होता. त्याच्यामागे एक दांडगा माणूस, पाण्यानं केस चापून बसवलेला, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला.

“हा माझा मेहुणा. घरीच बसून असतो,” गोठेवाला दबक्या आवाजात म्हणाला. “साहेब उठले का?”

बाईंनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मग दुसरी खुर्ची शोधायला आत गेल्या.