मंडी मोहल्ल्यातलं लाल गटार

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या संकर्षणने एका रविवारी बैठकीचे पांढरे पडदे घरच्या घरी लाल रंगवायचं ठरवलं. बायको तुंगा बहिणीकडे एच. डी. कोटेला गेली होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. पणजोबा रंगारी, तेव्हा ही कला आपल्या रक्तातच आहे, अशी त्याची समजूत. (रक्तात होता तो नुसता उत्साह.) पोटापाण्यासाठी मात्र तो प्रदूषण नियंत्रण मंडळात होता. नाल्यात रंग सोडणाऱ्यांना पकडणं हेच त्याचं काम.

देवराज मोहल्ल्यातून आणलेली रंगाची पुडी त्याने बादलीत रिकामी केली, पडदे मनसोक्त बुचकळले, दोरीवर टाकले आणि उरलेलं पाणी मोरीत ओतून दिलं.

थोड्याच वेळात त्याच्या वरिष्ठ वनजा मॅडम यांचा फोन आला. मंडी मोहल्ल्यातलं गटार लालभडक वाहतंय, कुणीतरी चोरून रंगाचा कारखाना चालवतोय, तुम्ही तिथलेच, बाटल्या घेऊन बाहेर या, मी निघालेच.

संकर्षणने आपले हात पाहिले. कोपरापर्यंत डाळिंब.

नमुने घेताना रबरी हातमोजे घालावे लागतात, हा नियम त्याला प्रथमच मनापासून आवडला. मॅडम गटाराच्या कडेकडेने वर चालू लागल्या. त्याने आधी हॉटेलातल्या बीटरूटवर संशय घेतला, मग कुणाच्या तरी कुंकवावर, शेवटी तर उताराकडेच बोट दाखवलं. पाणी चढ चढत नाही, एवढंच म्हणून मॅडम थेट त्याच्या दारात येऊन थांबल्या.

तेवढ्यात रिक्षातून तुंगा उतरली. हा कारखाना कुणाचा, मॅडमनी तिला विचारलं.

तुंगाने मोरी पाहिली, नवऱ्याचे हातमोजे पाहिले, दोरी पाहिली.

"अय्यो, कारखाना कसला, मॅडम. आमच्या ह्यांचा प्रताप. पडदे सोडून सगळ्याला रंग लागलाय बघा."

पुडी सुती कपड्यांची, पडदे पॉलिस्टरचे; रंग सगळा निथळून गेलेला. ते मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांसारखे पांढरेशुभ्र डुलत होते.

मॅडमनी कडक चेहरा करून पाहिला, जमेना. हसून हसून त्या पायरीवरच बसल्या. मग संकर्षणकडून सगळी गल्ली धुऊन घेतली आणि निघताना तुंगाला म्हणाल्या, "ह्या घराचं मंडळ आजपासून तुम्ही."

तुंगाने ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून घरात तिच्या परवानगीशिवाय त्याला बादली उचलता येत नाही. परवा त्याने नुसतं विचारलं, कॉफी करू का.

"सुम्मने, गप्प बसा. आधी मंडळाची जनसुनावणी," ती म्हणाली आणि शेजारपाजाऱ्यांना हाक मारली.

सगळी गल्ली जमली आणि परवानगी एकमताने नाकारली.