चांद्या बैलाचा जबाब

नंदुरबारहून तळोद्याला जाणारी सडक तेव्हा नावालाच सडक होती. मधोमध खडीचा पट्टा, तो मोटारींचा. दोन्ही कडांना बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्या गाड्यांच्या. चाकोरीत एकदा चाक बसलं की गाडीवानाने डुलकी काढली तरी बैल बरोबर घरी नेत. सरकारने कडेला फळा लावला होता, ‘प्रत्येकाने आपल्या बाजूने चालावे.’ गाडीवानांना तो वाचता येत नव्हता, आणि ज्यांना वाचता येत होता ते मोटारीत झोपलेले असत.

तर हिलाल कडब्याची गाडी घेऊन डाव्या चाकोरीने घरी चालला होता. मागून भोंगा वाजला. सागाच्या ओंडक्यांनी भरलेली लारी येत होती. हिलालने तेच केलं जे त्याच्या बापाने केलं असतं. मोटारीत बहुतेक वेळा साहेबच असतो, आणि साहेब जाताना गाडीवर बसून राहिलं तर साहेब खाली उतरतो आणि का बसून राहिलास ते चाबकाने विचारतो. म्हणून हिलालने गाडी थांबवली, उडी मारली आणि कडेला जाऊन हात जोडून वाकला.

लारी खडीवरून सरळ येत होती. मग तिला पुढे खड्डा दिसला. ती तिरपी झाली, खडी सोडून डाव्या चाकोरीत घुसली. गाडीचं उजवं चाक आऱ्यांसकट मोडलं. उजवीकडच्या बैलाचं, चांद्याचं, शिंग मुळापासून हललं आणि भळाभळा रक्त आलं. त्या शिंगाने लारीचा दिवा फुटला. पंचनाम्यात दिवा आला. रक्त आलं नाही.

तपासाला अंमलदार शोधायला लांब जावं लागलं नाही. लारीतूनच फौजदार साहेब उतरले. ते तळोद्याला फुकटात चालले होते. अपघात त्यांच्या डोळ्यांदेखत घडला होता, त्यामुळे साक्ष त्यांचीच आणि तपासही त्यांचाच. सरकारचा एक माणूस वाचला.

“गाडी कुठं होती?” त्यांनी हिलालला विचारलं.

“चाकोरीमाच व्हती साहेब.”

“आणि लारी?”

“खडीवर व्हती. मंग तीबी चाकोरीमा उनी.”

“लारी चाकोरीत आली तेव्हा चाकोरी रिकामी का नव्हती?”

हिलालने बैलांकडे पाहिलं. बैलांनाही काही सुचलं नाही.

“असं बघ,” फौजदार मऊ आवाजात म्हणाले, “मोठं वाहन जिथं येणार तिथं आपण नसावं. हा विचार गाडी जुंपतानाच करायचा असतो.”

“पन ती कोठे यी, हाई माले कसं समजी?”

“नाही समजलं, म्हणूनच तर चौकशी लागली. गाडी हाकत कोण होतं?”

“मीच. पन मी खाले उतरेल व्हतू. तुम्हले रामराम कराले.”

फौजदारांनी रामराम मान्य केला. सभ्यपणाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण कायदा सभ्यपणा बघत नाही. हिलाल खाली होता, म्हणजे गाडीवर कोणी नव्हतं. कोणी नसताना गाडी बैलांच्या ताब्यात होती. दिवा चांद्याच्या शिंगाने फुटला, म्हणजे चांद्याने फोडला. डावीकडचा हऱ्या पलीकडे होता आणि त्याने काही पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला सोडलं. चांद्याला दोरीने बांधून सरकारी कोंडवाड्यात घातलं.

पंच म्हणून गावातले पाच गाडीवाले बोलावले. पाचही जण हिलालच्या जेवणावळीला जेवलेले. पाचांनी एकच सांगितलं, “आम्ही त्याले कव्हयच सांगेल व्हतं, लारीना टाइमले बैल जुपू नको.” लारीला टाइम नव्हता. ते त्यांना कोणी विचारलं नाही.

कोंडवाड्याचा शिपाई भिला हा हिलालच्याच आळीतला. चांद्याचा जबाब घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. बिचाऱ्याने ते नीट केलं. त्याने लिहिलं, ‘आरोपीस नाव विचारले असता मान हलविली. गाव विचारले असता शेण टाकले. तपासास सहकार्य नाही.’ खाली खुराचा ठसा घेतला.

हिलालची बायको धनुबाई दुसऱ्या दिवशी डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन दोन कोस चालत आली. भिलाने तिला फाटकातच अडवलं.

“आरोपीले बाहेरना चारा चालत नही, वहिनी. जबाब फिरी जास.”

“तो काय बोलस का, त्याना जबाब फिराले?”

“म्हनीसनच साहेबले जास्त शक शे.”

सरकारी चाऱ्याचा कागद मंजुरीसाठी धुळ्याला गेला होता. पेरणी आठ दिवसांवर आली होती. हऱ्या एकटा नांगर ओढणार नव्हता, आणि हिलालच्या खांद्याला जू बसत नव्हतं. चौथ्या दिवशी चांद्या खाली बसला. पाचव्या दिवशी त्याला उठवलं तरी उठेना. शिंगाच्या जखमेवर माश्या घोंघावत होत्या.

संध्याकाळी भिला हळूच म्हणाला, “हिलालभाऊ, तू गाडीवर बसेल व्हता असं लिखी दे. गाडीवर मानूस व्हता म्हनजे बैल सुटी.”

“पन मी बसेल नव्हतू ना.”

“मंग बैल मरी. तुन्हं खरं तुन्हाजोडे ऱ्हाई.”

हिलालने रात्रभर खरं एका बाजूला आणि बैल दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिलं. खरं नांगर ओढत नव्हतं. सकाळी त्याने अंगठा दिला.

फौजदारांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

“म्हणजे लारीत मी बसलो होतो आणि तू गाडीवर बसून राहिलास?”

हिलालने पुन्हा हात जोडले. “साहेब, मी तं तुम्हले रामराम...”

“तो आधीचा जबाब. तो खोटा ठरला. तूच खोटा ठरवलास.”

लारीच्या वाटेत असणं, हा पहिला गुन्हा. साहेबाला मान न देणं, हा दुसरा. खोटा जबाब देणं, हा तिसरा. मामलेदारांनी तिन्ही मिळून पंधरा दिवसांची कोठडी दिली आणि वर हिलालला समजही दिली, की पुढच्या वेळी मागे बघत गाडी हाकावी. पुढे बैल बघतात.

चांद्या सुटला. धनुबाई त्याला घेऊन कोठडीच्या खिडकीपाशी आली. बैल चार पावलं टाके आणि थांबे. बरगड्या मोजता येत होत्या.

“पेरनीना काय?” हिलालने आतून विचारलं.

“देखसू. मन्हा भाऊसले बलावसू.” तिने चांद्याच्या जखमेवरच्या माश्या हाकलल्या. मग म्हणाली, “एक सांगा. त्या लारी चालाडनारले कोनी काही इचारं का?”

हिलालने आठवून पाहिलं. फौजदारांनी विचारलं नव्हतं. पंचांनी नाही, भिलाने नाही, मामलेदारांनी नाही. आणि ज्याचं चाक मोडलं, ज्याचा बैल मरता मरता वाचला, त्या हिलालनेसुद्धा नाही.

“नही,” तो म्हणाला.

“त्यानं नाव काय व्हतं?”

“माले नही माहीत.”

तुम्ही हिलालला हसू नका. हिलालचं नाव तुम्हाला माहीत आहे, त्याच्या बायकोचं माहीत आहे, दोन्ही बैलांची पाठ झाली आहेत. लारीच्या चाकामागे कोण बसलं होतं, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत? इतका वेळ तुम्हीही बैलाचाच जबाब वाचत होतात.