शेवटची बांधी

दामूकाका गेले त्या दिवशी त्यांच्या पायात चपला नव्हत्या. म्हणजे त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाणीवाटपाची बैठक भरते. बोलणाऱ्यानं चपला काढायच्या. घालून बसला तो नुसता ऐकणारा. आणि ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावापासून सर्वांत लांब, तो आधी बोलतो, कारण पाणी त्याच्यापर्यंत शेवटी पोचतं. ती शेवटची बांधी काकांची.

काकांनी हा नियम पाळीवरून उचलून सगळीकडे लागू केला. बँकेत साहेबासमोर चपला काढत. फोन वाजला की आधी चपला, मग हॅलो. एकदा एसटीत कंडक्टरशी भांडण्यासाठी चपला काढल्या. भांडण जिंकून उतरले. चपला पुढे चिचगडला गेल्या.

हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला तरुण निरीक्षक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा त्यांनी चपला काढून विचारलं, "तिथं बोलशील काय?"

"नाही काका. आमाले फक्त पाहाची परवानगी आहे."

"मंग एवढ्या दूर कायले जाऊन राह्यलीस? पाहाले टीव्ही आहे ना घरी."

त्यांचं खरं होतं. पाऊस रोवणीला दडी मारतो, कापणीला कोसळतो, आणि पहिला मार काकांच्या बांधीला बसतो. हे कोणीतरी सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गोंदियाच्या फलाटावर ते अनवाणी उभे राहिले. फरशी तापली होती. मी वाट पाहिली. गाडी सुटली तरी ते बोलले नाहीत.

परिषदेत मोठे देश आधी बोलत. लहान देशांचा नंबर येईतो खुर्च्या रिकाम्या होत. तरुणांच्या सत्रात एक वक्ता आलाच नाही. अध्यक्षबाईंनी मागच्या रांगेला विचारलं, कोणी बोलणार का? मी उठले आणि बूट काढले. मोज्याला भोक होतं. रक्षक बुटांकडे संशयानं पाहत राहिला. मी आमच्या पाळीचा नियम सांगितला. विचारलं, इथे उलटं का?

मग एका लहानशा बेट-देशाची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली, मग सगळेच. पुढच्या फेरीत अध्यक्षबाईंनी पहिली हाक त्या मुलीला मारली.

मी काकांना फोन लावला.

"चपला काढल्या होत्यास?"

"बूट होते. काढले."

"मंग झालं."

त्यानंतर काकांचं गावभर एकच: "माही बांधी परदेशात जाऊन आली."

परत आल्यावर मी विचारलं, "फलाटावर चपला काढल्या, मंग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं तू गेली नसतीस," ते म्हणाले, आणि चपला घातल्या.

शेवटच्या दिवशी त्यांना काय बोलायचं होतं, ते कळलं नाही. त्यांची बांधी आता मी कसते. बैठकीत आधी मी बोलते.